सूर्यमाळच्या टीमची पाळी

वसंता, तुझी पाळी आहे.

कॉम्प्युटर चालू केला की आपल्या खेळातली निवडीची यादी समोर येते. वर तुझ्या टीमचं नाव, सूर्यमाळ, इंग्रजी अक्षरांत. त्यातलं एक अक्षर तू घाईत दोनदा दाबलं होतंस, ते अजून तसंच आहे. खाली अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांची लांबलचक यादी. गेल्या मोसमात तुझी टीम तळाला गेली, म्हणून नियमाप्रमाणे पहिली निवड तुझी. तू कोणाला तरी घेतल्याशिवाय माझ्या जव्हारच्या टीमला पुढं सरकता येत नाही. आजारी पडलास त्याच्या आधीच्या रविवारी तू म्हणालास, "मास्तर, ऱ्हाऊ दे हितंच. जरा विचार करून सांगतो." परवा तुझे दिवस झाले. विचार करायला तू नेहमीच फार वेळ घ्यायचास.

तुझ्याविषयी शाळेच्या अंकासाठी चार शब्द लिहा, असं हेडमास्तरांनी सांगितलं. लिहायला बसलो तर जन्मगाव, शिक्षण, सेवेची वर्षं असलंच यायला लागलं आणि मला माझाच राग आला. ते सगळं तुझ्या सेवापुस्तकात आहे, ज्याला हवं त्यानं तिथं बघावं. मला तुझ्याशी बोलायचंय. एक गोष्ट सांगायची राहिली आहे, सात-आठ वर्षं राहिली आहे. ती सांगण्याआधी मी इकडचं तिकडचं बरंच बोलणार, हेही तुला ठाऊक आहे.

हा कॉम्प्युटर मी ठाण्याहून जुना विकत आणला तेव्हा आपल्या आश्रमशाळेच्या आवारात तो एकटाच होता. मी गणिताचा मास्तर, तू खेळाचा. माझी खोली मैदानाला लागून, म्हणून तू गळ्यातली शिट्टी न काढताच चहाला यायचास. मशीनमध्ये आधीच्या मालकाची एक सीडी राहून गेली होती. क्रिकेट असेल म्हणून आपण ती लावली आणि निघाला बेसबॉल. तोही खेळायचा नाही, सांभाळायचा. पडद्यावर ना चेंडू ना मैदान, नुसत्या नावांच्या आणि आकड्यांच्या याद्या. कोणाला टीममध्ये घ्यायचं, कोणाला खालच्या टीममध्ये शिकायला ठेवायचं, कोणाला सोडायचं, एवढंच आपल्या हाती. बेसबॉल आपण दोघांनी जन्मात पाहिला नव्हता. बाद झालेला गडी त्याच सामन्यात पुन्हा बॅट घेऊन येतो हे कळलं तेव्हा तू केवढा खूश झालास. "हा खेळ चांगला हाय," म्हणालास. "हितं कोणाला कायमचं बाहेर बसवत नाय."

मग दर रविवारी सकाळी तू यायचास. वीज कधी जाणार याचं वेळापत्रक आपल्या डेपोच्या गाड्यांपेक्षा पक्कं होतं, त्यामुळं मोसम, सामने, निवड सगळं त्या आधी उरकायचं. वीज गेली की जतन न केलेलं सगळं पुसलं जाई आणि आठवडाभर तू माझं डोकं खायचास. दोन मिशीवाले मास्तर अमेरिकेतल्या पोरांच्या नावांवरून भांडतात म्हणून आमची ही शेजारणींना बोलावून दार उघडं ठेवायची.

पहिल्या वर्षी आपली काय फजिती झाली होती, आठवतं? मोसम संपला की नव्या पोरांची यादी यायची, तिच्या डोक्यावर लिहिलेलं, ड्राफ्ट. मी शब्दकोश उघडला तर त्यात अर्थ मसुदा. मी तुला ठासून सांगितलं की ही यादी कच्ची आहे, पक्की मागून येईल, आत्ता हात लावायचा नाही. सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसांना ते पटायला काय वेळ लागतो. आपण पक्क्या यादीची वाट बघत बसलो आणि मशीनच्या ताब्यातल्या टीमांनी सगळी चांगली पोरं उचलून नेली.  तू नुसता शब्दकोश उचलून कपाटावर ठेवलास.

प्रत्येक पोरापुढं दोन आकडे असायचे. एक, तो आज कसा खेळतो याचा. दुसरा, तो वाढून कुठवर जाईल याचा. वीसच्या खाली नाही, ऐंशीच्या वर नाही. तू एकाला आजचा म्हणालास, दुसऱ्याला उद्याचा, आणि तीच नावं रुळली. मला तो उद्याचा आकडा फार आवडला. वर्गात चाळीस पोरं समोर बसतात. कोण कुठवर जाईल हे कोणी असं नावापुढं लिहून दिलं तर मास्तरकीचा अर्धा त्रास वाचेल, असं मी म्हणालो. तू बशीतला चहा फुंकत म्हणालास, "मग उरलेला अर्धा तरी कशाला करशील?"

आपलं भांडण तिथून सुरू झालं. मी डोळे मिटून उद्याचा आकडा मोठा असलेला घ्यायचो. तू यादीच्या तळाशी जायचास. तुझं म्हणणं असं की हा आकडा लावतो कोण, तर खेळातलाच एक माणूस, गावोगाव हिंडून पोरं बघणारा. "त्याची जीप सगळ्या पाड्यांवर थोडीच जाती," तू म्हणायचास. "जिथं रस्ता हाय तिथली पोरं साठ-सत्तर. जिथं नाय तिथली तीस." मी म्हणायचो, अरे हे मशीन आहे, मोखाडा तालुका नाही. तू ऐकायचा नाहीस.

आणि तुझा तो रामोस. डावखुरा फेकणारा, उद्याचा आकडा पस्तीस. शेवटच्या फेरीत त्याला कोणी विचारत नव्हतं, तू घेतलास आणि सहा मोसम खालच्या टीममध्ये रोज खेळवलास. आपला रामू, आपला रामू करत त्याचे आकडे मला वाचून दाखवायचास आणि मी जांभया द्यायचो. सातव्या मोसमात त्यानं माझ्या जव्हारला एका सामन्यात एकही धाव काढू दिली नाही. मी म्हणालो मशीननं नाणं उडवलं, तुझ्या बाजूनं पडलं. तू म्हणालास पोराला रोज खेळायला मिळालं, पोर वाढलं. खरं काय ते आपल्याला कधी कळलं नाही, कारण माहितीपुस्तिका आधीच्या मालकाकडंच राहिली होती.

हे सगळं मी हसत हसत लिहितोय. आता हसू येणार नाही तिथं आलो.

त्याच सुमाराला पत्र आलं. बारा वर्षांच्या आतल्या एका मुलाला किंवा मुलीला शहरातल्या क्रीडा वसतिगृहात पाठवायचं, दर शाळेमागं एक जागा. तू म्हणालास, मी पोरं रोज बघतो, मी नाव सांगतो. पण माझ्या डोक्यात वीस ते ऐंशी भरलेलं. मी हेडमास्तरांना तक्ता करून दिला: धावणं, उडी, फेक, आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येक मुलाचा उद्याचा आकडा. हेडमास्तर खूश. तक्ता असला की कोणाला उत्तर द्यायला बरं पडतं, म्हणाले. तू चिडला नाहीस. "कर तक्ता," म्हणालास, "पण माझी एक पोर यायची हाय अजून."

ती मंजुळा. सूर्यमाळच्या बाजूच्या पाड्यावरची. दिवाळीनंतर तिचे आईबाप वीटभट्टीला गेले आणि धाकट्या भावाला सांभाळायला तिला शाळेतून काढून सोबत नेलं. तू एक रजा टाकलीस, एसटीनं भिवंडीच्या बाजूला उतरलास, दोन भट्ट्यांवर चुकलास आणि तिसरीवर तिला शोधलंस. बापाला काय सांगितलंस कोण जाणे. दुसऱ्या दिवशी परत आलास तेव्हा तुझ्या मागं ती, केसांत विटांची लाल धूळ, हातात तुझी पिशवी. नाव सोमवारी जाणार होतं. रविवारी सकाळी तिला पळवायचं ठरलं.

तू मैदानाच्या लांबच्या टोकाला, जांभळीखाली. तिथून सुरुवात, साडेतीन फेऱ्या, आणि शेवट माझ्या खोलीच्या पायरीसमोर. मध्ये पाण्याची टाकी, त्यामुळं तुला मी दिसत नव्हतो आणि मला तू. मी खुर्चीवर, हातात तुझं स्टॉपवॉच. तू शिट्टी वाजवलीस, मी कळ दाबली. पहिली अर्धी फेरी करून ती माझ्यासमोरून गेली, ती मी पाहिली. अनवाणी, मान खाली. आणि तेवढ्यात मागं खोलीतला दिवा मंदावला.

तुला आठवत असेल, वीज जायच्या आधी दिवा असाच मंद व्हायचा. आत आपण दोघांनी सकाळी अर्धवट सोडलेली खेळातली निवड तशीच होती, निवडीच्या नऊ फेऱ्या झालेल्या, जतन केलेलं नाही. मी म्हटलं एका मिनिटाचं काम. आत गेलो. मशीन घरघरत बसलं, जतन व्हायला त्यानं नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला, मग पडद्यावर काहीतरी विचारलं, ते मी वाचत बसलो. हातातलं घड्याळ चालूच होतं. बाहेर आलो तर पोर पायरीसमोर उभी. गुडघ्यांवर हात, धापा टाकत, रिकाम्या खुर्चीकडं बघत. मी कळ दाबली. किती वेळ ती तशी उभी होती मला माहीत नाही, वसंता. अर्धं मिनिट असेल, एक असेल, जास्तही असेल. मी तिला म्हणालो, "हं, झालं. जा, पाणी पी जा."

तू धावत आलास. घड्याळ बघितलंस, कानाला लावलंस. "इतका येळ?" म्हणालास. मग स्वतःच म्हणालास, पोर दमली असेल, भट्टीवरून आलीय. "मास्तर, दुपारी परत एकदा पळवू का?"

एवढं सोपं होतं. हो म्हणायचं होतं फक्त. मी काय म्हणालो ते मला शब्द न् शब्द आठवतं. म्हणालो, "सगळ्यांना एकदाच संधी दिली, हिला दोनदा का?" नियम काढला की तू गप्प बसायचास, हे मला माहीत होतं. मी तिच्या नावापुढं उद्याचा आकडा चाळीस लिहिला. ज्याच्यापुढं पासष्ट होता तो मुलगा वसतिगृहात गेला. तोही चांगलाच होता, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पत्र आलं तेव्हा मंजुळेला बारा पुरी झाली होती.

तीन रविवार तू आला नाहीस. चौथ्या रविवारी आलास, शिट्टी गळ्यात, आणि म्हणालास, "माझ्या पाळीचं काय झालं?" तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी तुला भजी खाऊ घातली. पण पुढं वर्षानुवर्षं विषय निघाला की तू म्हणायचास, "मंजुळेच्या बाबतीत तुझी नजर चुकली." आणि मी वाद घालायचो. एका धावेवरून सांगता येतं की नाही, वय लहान असलं की अंदाज कसा हलतो, फळ्यावर आकडेमोड करून तुला दाखवायचो. जणू माझी नजर तिथं होतीच. तू मला चुकणारा माणूस समजत होतास आणि मला तेच सोयीचं होतं.

तू मात्र मला किती सांभाळलंस. मी विषमज्वरानं दीड महिना पडून होतो तेव्हा माझे तास तू घेतलेस. तुला अपूर्णांक येत नव्हते, म्हणून तू पोरांना मैदानात पाव फेरी, अर्धी फेरी, पाऊण फेरी पळवलंस आणि खडूनं जमिनीवर बेरजा करून घेतल्यास. परत आलो तर सहावीचा वर्ग अपूर्णांकांत पक्का. मी तुझे उपकार मानायचे सोडून म्हणालो की खडू फार संपवलेस. त्या दिवसांत तू रोज नाचणीची आंबील घेऊन यायचास, वहिनींनी केलेली, आणि मी पूर्ण पिईपर्यंत उठायचा नाहीस.

तीन-चार वर्षांपूर्वी तुला एक नवीनच खोड लागली. निवडीच्या वेळी मी एखाद्या नावावर बाण नेला की तू विचारायचास, "बघलंस का त्याला?" पहिल्यांदा मी हसलो. मग वैतागायला लागलो. अरे, बघायचं काय? फोटोसुद्धा नाही, नुसता आकडा आहे. तू म्हणायचास, "बरं बरं, घे." पुढच्या नावाला पुन्हा तेच. "बघलंस का त्याला?" आणि विचारल्यावर पडद्याकडं नाही, माझ्याकडं बघायचास. मला वाटलं, वय होतंय, माणूस एकच गोष्ट धरून बसतो. एकदा तर मी चिडून म्हणालो, "हो बघितलं, सगळं बघितलं, आता पुढं जाऊ का?"  तू खिडकीतून मैदानाकडं बघत म्हणालास, "जा की."

परवा तुझ्या पाड्यावर मंजुळा आली होती. आता अंगणवाडीत मदतनीस आहे, कडेवर दीड वर्षाची मुलगी. सूर्यमाळहून जीप मिळाली नाही म्हणून अर्धी वाट चालत आली. जेवणं उरकली, वहिनी आत गेल्या, आणि मांडवाच्या कडेला आम्ही दोघंच उरलो. मला वाटलं, तुला सांगायचं राहिलं ते राहिलं, निदान हिला तरी सांगावं. तीनदा घसा खाकरला. म्हणालो, "मंजुळा, तू पळालीस त्या दिवशी ते घड्याळ..."

"म्हाईत हाय सर," ती म्हणाली. "तुम्ही आत होता. मी पोचले तवा नुसती खुर्ची होती."

 मुलीचं नाक पुसत ती म्हणाली, "राग आलता. लई दिवस ऱ्हायला. तुम्ही म्हणला पाणी पी जा. मी पाणी प्याले नाय."

मी विचारलं, हे कोणाला बोललीस का. मला वाटत होतं ती नाही म्हणेल.

"खेळाच्या सरांना सांगितलं की. दहावीत होते तवा.  मी म्हटलं, तुम्ही विचारा त्यांना. तर म्हणले, नको. मास्तर आपणहून सांगंल. माणूस चांगला हाय, त्याला जरा येळ लागतो."

तिची दहावी होऊन किती वर्षं झाली ते मी तिथंच बोटांवर मोजलं. आणि मग तू मला "बघलंस का त्याला?" असं पहिल्यांदा कधी विचारलंस तेही मोजलं. गणिताचा मास्तर आहे मी, वसंता. एवढं सोपं गणित मला चार वर्षं सुटलं नाही.

तू जाणत होतास. प्रत्येक रविवारी माझ्या शेजारी बसून, माझा चहा पीत, प्रत्येक नावाला मला एकेक संधी देत होतास. वीस नावं असली तर वीस संधी. आणि मी दर वेळी म्हणत होतो, अरे बघायचं काय. तुझा मला राग येतोय, खरं सांगतो. एकदा कॉलर धरून विचारायचं होतंस. मी रडलो असतो, भांडलो असतो, पण बोललो असतो. इतकी वाट कोणी कोणाची बघतं का? मग वाटतं, तू रामोसलाही असाच सहा मोसम ठेवला होतास.

यंदाचं पत्र गेल्याच आठवड्यात आलंय, दर शाळेमागं एकच जागा. तुझ्या जागेवर नवीन माणूस येईपर्यंत हेडमास्तरांनी मैदान माझ्याकडं दिलंय. तुझी शिट्टी वहिनींनी मला दिली. मी मंजुळेला विचारलं, निवडीच्या दिवशी येशील का, तू माझ्या शेजारी उभी राहा. ती लगेच हो म्हणाली नाही. बघते म्हणाली.

आज रविवार आहे. वीज जायला अजून तास आहे. यादी उघडून बसलोय. तुझ्यासारखा खाली खाली गेलो, अगदी तळाशी, तिथं एक पोर आहे, आजचा आकडा पंचवीस, उद्याचा तीस. तू यालाच घेतला असतास याची मला खात्री आहे. त्याच्या नावावर बाण नेला आणि हात थांबला. शेजारची खुर्ची मी काढलेली नाही. तू विचारणार, ते मला ऐकू येतं, आणि आता उत्तर दिल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

नाही, वसंता. तिला मी बघितलं नव्हतं. मी आत होतो.